पहिल्या वाक्याचे धाडस

ग्रंथालयात नवे पुस्तक हाती घेतलेल्या वाचकाकडे कधी दुरून पाहावे. तो मुखपृष्ठ न्याहाळतो, मागच्या बाजूचा मजकूर चाळतो आणि मग पहिले पान उघडून उभ्या उभ्या वाचू लागतो. चार-दोन ओळींनंतर तो एक तर पुस्तक पुन्हा फळीवर ठेवतो, नाहीतर नकळत जवळची खुर्ची ओढून बसतो. त्या चार-दोन ओळींत असे काय घडते, हा प्रश्न मला गेली अनेक वर्षे पडत आला आहे. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवताना आणि निवृत्तीनंतर आमच्या धर्मग्रामातील मुलामुलींच्या कथा वाचताना या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. कथा-कादंबरीचे पहिले वाक्य म्हणजे नेमके काय? ती सजावट आहे, आमंत्रण आहे, की याहून अधिक काही आहे?

आपल्या जुन्या गोष्टींना हा प्रश्न पडत नव्हता. ‘एक होता राजा’ किंवा ‘आटपाट नगर होते’ एवढे शब्द उच्चारले की ऐकणारे सावरून बसत. ही वाक्ये कुणा एका लेखकाची नव्हेत. गावच्या पाणवठ्यासारखी ती सर्वांची होती. त्यांचे काम उंबरठ्याचे असे. तो ओलांडला की रोजचे जग मागे राही आणि पुढे जे येईल त्याचा खरेखोटेपणा विचारायचा नाही, हे लहान पोरालाही कळे. कादंबरी आली आणि हा सामाईक उंबरठा नाहीसा झाला. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे, आणि ती एका ख्रिस्ती लेखकाच्या हातून उतरली याचा आपल्याला आनंद आहे. तेव्हापासून मराठी कादंबरीकाराला आपल्या घराचा उंबरठा आपणच घडवावा लागतो. राजा नाही, आटपाट नगर नाही. समोर फक्त कोरा कागद आहे आणि एक अनोळखी वाचक आहे. त्या वाचकाने आपल्याकडे का थांबावे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, ते घरात मिळाले. माझी आजी निरक्षर होती. संध्याकाळची रोझरी आटोपली, जेवणे झाली की ती ओट्यावर बसून गोष्टी सांगत असे. १९१८ साली मानमोडीची साथ आली तेव्हा ती तरुण होती. त्या साथीची गोष्ट सांगायची असली की तिचा आरंभ ठरलेला असे: “त्या वर्षी भात उभेच राहिले आणि माणसे आडवी झाली.” एवढे बोलून ती क्षणभर थांबे. आम्हा भावंडांची चाललेली भांडणे त्या एका क्षणात मिटत. साथ कोणती, ती कोठून आली, किती माणसे दगावली, हे सारे मागाहून येई. आधी ते न कापलेले भात डोळ्यांसमोर उभे राही. ते कापणारे हात कुठे गेले, हे विचारल्यावाचून राहवत नसे. आजीने वाक्य सजवले नव्हते. जे सांगताना तिचा स्वर कापत असे, तेच ती सर्वांआधी सांगत असे. पुढे आयुष्यभर मोठमोठ्या लेखकांची पुस्तके वाचताना मला वारंवार वाटत आले आहे की त्यांनीही अखेर हेच केले.

रशियन कादंबरीकार लेव्ह टॉलस्टॉय यांची हकिगत या दृष्टीने फार बोधक आहे. १८७३ च्या आरंभी ते मोठ्या अडचणीत होते. सम्राट पीटर द ग्रेट याच्या काळावर कादंबरी लिहावी म्हणून त्यांनी ढीगभर ग्रंथ वाचले, टिपणे काढली, पुन्हा पुन्हा आरंभ केला. कादंबरी मात्र पुढे सरकेना. मार्च महिन्यात घरात असलेला पुश्किनच्या गद्यलेखनाचा एक खंड त्यांच्या हाती आला. त्यात एक अपुरा राहिलेला कथाभाग होता. तो कोणत्याही प्रस्तावनेवाचून, एका बंगल्यावर पाहुणे जमू लागले आहेत, येथूनच सुरू होतो. स्थळाचे वर्णन नाही, कुळकथा नाही. वाचक एकदम माणसांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. टॉलस्टॉय यांना या आरंभाने भारून टाकले. ते लिहायला बसले आणि त्यातून ‘अ‍ॅना कॅरेनिना’ ही कादंबरी जन्माला आली. एका आरंभिक खर्ड्यात त्यांनीही पाहुण्यांच्या जमण्यापासूनच प्रारंभ केला होता. कुटुंबांच्या सुखाविषयी आणि दुःखाविषयी जे वाक्य आज जगभर प्रसिद्ध आहे, ते नंतर आले.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे वाचकाला जे वाक्य प्रथम भेटते, ते लेखकाला प्रथम भेटलेले असतेच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ते प्रसिद्ध वाक्य सुविचारासारखे वाटते खरे. पण टॉलस्टॉय त्या सुविचारावर विसावत नाहीत. त्याला लागूनच एक विस्कटलेले घर येते. पतीच्या विश्वासघाताचा पत्नीला पत्ता लागला आहे, नोकरचाकर काम सोडू पाहत आहेत, मुले घरभर सैरभैर हिंडत आहेत. कुटुंबाविषयीचे विधान पुरते उच्चारले जाते न जाते, तोच एका कुटुंबाची जखम उघडी पडते. सम्राट पीटरच्या काळाविषयी टॉलस्टॉय यांच्यापाशी माहितीचा साठा होता. घर कसे मोडते हा मात्र त्यांच्या मनाला जाळणारा प्रश्न होता. वाक्य त्यांना तेथेच सापडले.

एका पहिल्या वाक्याने दुसरा लेखक कसा जागा होतो, याचेही एक उदाहरण आहे. फ्रान्झ काफ्का यांची ‘मेटॅमॉर्फोसिस’ ही दीर्घकथा १९१५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच वाक्यात एक फिरता विक्रेता सकाळी जागा होतो आणि आपले शरीर एका किळसवाण्या कीटकाचे झाले असल्याचे त्याला दिसते. हे का झाले, कोणत्या शापाने झाले, याचा उलगडा तेथे नाही आणि पुढेही नाही. त्याहून विलक्षण हे की थोड्याच वेळात त्या बिचाऱ्याला चिंता पडते ती चुकलेल्या आगगाडीची आणि साहेबाच्या रागाची. १९४७ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाच्या हाती ही कथा आली. पहिली ओळ वाचताच आपण बिछान्यावरून पडायचे बाकी राहिलो होतो, असे लिहिण्याची कुणाला मुभा असते हेच आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितले. तो तरुण म्हणजे १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे गाब्रिएल गार्सिया मार्केस.

मार्केस यांनी आपल्या आजीचाही उल्लेख वारंवार केला आहे. अद्भुतातली अद्भुत गोष्टही ती चेहरा जराही न हलवता, रोजची हकिगत सांगावी तशी सांगत असे. काफ्काच्या पहिल्या वाक्यात त्यांना जणू आजीचाच स्वर ऐकू आला. स्वतः मार्केस यांना पहिल्या परिच्छेदासाठी महिनेच्या महिने खर्ची घालावे लागत. तो एकदा जमला की पुढचे सोपे जाते, कारण पुस्तकाचा विषय, शैली आणि सूर त्यातच ठरून जातात, असे त्यांचे म्हणणे होते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘शंभर वर्षांचे एकाकीपण’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीचे पहिले वाक्य पाहावे. त्यात मृत्यूच्या समोर उभा असलेला एक सैनिक आहे, त्याचे बालपण आहे, त्याचा बाप आहे आणि उष्ण प्रदेशातील एका मुलाने प्रथमच पाहिलेला बर्फ आहे. पुढे घडणारे आणि मागे घडून गेलेले एकाच श्वासात सांगून टाकल्यावर वाचकाने पान न उलटणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

आपल्या मराठीतही अशी उदाहरणे आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. तिचा नायक आरंभीच आपले नाव सांगतो आणि वय सांगतो. यात विशेष ते काय, असे वाटेल. पण वय सांगताना तो मध्येच ‘उदाहरणार्थ’ असा शब्द घालतो. पाठ्यपुस्तकातला, वर्गात खडूने लिहिला जाणारा तो शब्द वयाला लागताच सारे डळमळू लागते. स्वतःचे वयदेखील ज्याला केवळ एक नमुना वाटते, अशा तरुणाची सारी वेदना आणि सारी थट्टा त्या एका शब्दात साठवली आहे. वर्गात हे पान वाचले की मागच्या बाकावरची मुले हसत आणि मग एकाएकी गप्प होत. ते हसू आणि ते मौन, दोन्ही त्या शब्दाने घडवलेले असे.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक माणसाच्या घडणीत आईवडिलांचा वाटा किती मोठा असतो, या साध्या विचाराने उघडते. त्यात धक्का नाही की कोडे नाही. परंतु लिहिणारा तुरुंगात आहे आणि ज्या आईविषयी लिहितो आहे ती या जगात नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साध्या विचारामागची ओल जाणवते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’च्या आरंभी नव्याने नेमणूक झालेला एक तरुण मास्तर पायी चालत वाडीकडे निघाला आहे. वाचक त्याच्यासोबत चालू लागतो, एवढेच. तरी त्या चालण्यात परक्या मुलखात निघालेल्या पोरक्या जिवाची धाकधूक असते. जोरकस आरंभ म्हणजे मोठ्याने घातलेली हाक नव्हे, हे या दोन पुस्तकांवरून शिकावे.

हे सांगणे अगत्याचे वाटते, कारण अलीकडे नवोदितांना ‘पहिल्याच वाक्यात वाचकाला पकडा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मग कथेच्या पहिल्या ओळीत खून पडतो, दुसऱ्या ओळीत रक्त येते आणि तिसऱ्या पानावर कळते की ते सारे स्वप्न होते. अशा वाक्याला मी न वटणारी हुंडी म्हणते. पहिले वाक्य हे लेखकाने वाचकाला दिलेले वचन असते. पुढच्या पानापानातून ते फेडावे लागते. काफ्काने पहिल्या वाक्यात जे सांगितले त्यापासून तो शेवटपर्यंत मागे हटत नाही. तो किडा पुन्हा माणूस होत नाही. म्हणून त्या वाक्याला वजन आहे. वचन जेवढे मोठे, तेवढी ते पाळण्याची जबाबदारीही मोठी.

गोष्ट कशी सुरू करावी, याचा एक वस्तुपाठ आपण लहानपणापासून देवळात ऐकत आलो आहोत. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत आठवावा. प्रभू येशू त्या घराचे वर्णन करीत नाहीत. बापाचे नाव, गाव, जमीनजुमला काही सांगत नाहीत. एक बाप आणि त्याचे दोन मुलगे, एवढीच आकडेवारी. ‘दोन’ या शब्दाबरोबरच ऐकणाऱ्याच्या मनात तुलना सुरू होते. आणि लगोलग धाकटा मुलगा, बाप जिवंत असतानाच, आपला वाटा मागतो. एखाद्या घरात उच्चारता येईल अशी सर्वांत बोचरी मागणी येथे गोष्टीच्या दारातच ठेवलेली आहे. ज्या घरांनी वाटण्या पाहिल्या आहेत, त्यांना त्या आरंभाची धार समजावून सांगावी लागत नाही.

मग आमची नवी लिहिती मुले-मुली गोष्ट अशी का सुरू करीत नाहीत? नाताळ अंकासाठी किंवा स्पर्धेसाठी आलेल्या कथा मी वाचते, तेव्हा दहापैकी सातांचा आरंभ सूर्योदयाने झालेला असतो. पूर्वेकडे तांबडे फुटलेले असते, पाखरे किलबिलत असतात, माडांच्या झावळ्या डोलत असतात, चर्चची घंटा वाजते आणि मग कुणीतरी डोळे चोळत उठते. या वर्णनांत खोटे काही नाही. आपल्या गावांत माड आहेत आणि घंटाही वाजते. पुष्कळ दिवस मला वाटे, हा केवळ सवयीचा परिणाम असेल. निबंधाच्या वहीतून तो कथेत उतरला असेल. पण मुलांशी बोलत गेल्यावर वेगळीच गोष्ट जाणवली. सूर्योदय हा आडोसा आहे. जे सांगायचे आहे ते सांगण्याचा धीर होत नाही, म्हणून लिहिणारा तेवढा वेळ सूर्याच्या मागे उभा राहतो.

जागतिक साहित्यात या आडोशाचे एक अजोड चित्र आहे. अल्बेर काम्यू यांच्या १९४७ सालच्या ‘द प्लेग’ या कादंबरीत ओरान नावाच्या अल्जीरियातील शहरात प्लेगची साथ पसरते. त्या शहरात नगरपालिकेच्या कचेरीत काम करणारा झोझेफ ग्रां नावाचा एक गरीब, सज्जन कारकून आहे. दिवसा नोकरी, मग साथीच्या कामाच्या नोंदी आणि उरलेल्या वेळात कादंबरीलेखन असा त्याचा क्रम. कादंबरीचे पहिलेच वाक्य तो लिहितो आहे. मे महिन्यातील सकाळी पॅरिसच्या एका उपवनातून घोड्यावरून जाणारी स्त्री, एवढाच त्या वाक्याचा विषय. घोड्याला कोणते विशेषण लावावे, घोडीचा रंग कोणता म्हणावा, यावर त्याच्या रात्री खर्च होतात. प्रकाशकाने हस्तलिखित वाचून आपल्या सहकाऱ्यांसमोर टोपी काढून वंदन करावे, इतके ते वाक्य निर्दोष व्हावे अशी त्याची इच्छा आहे. वाचताना आपल्याला हसू येते.

पुढे हसू मावळते. या ग्रांची पत्नी झान त्याला सोडून गेलेली आहे. गरिबीने आणि कामाच्या ओझ्याने दोघे थकले, बोलणे संपले आणि ती निघून गेली. तिला एक पत्र लिहावे, आपली बाजू सांगावी, असे त्याला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. पण शब्द सापडत नाहीत. नाताळच्या सुमारास तो एका दुकानाच्या काचेपुढे लाकडी खेळणी पाहत रडत उभा असलेला डॉक्टर रियोला आढळतो. अशाच एका नाताळच्या सजवलेल्या काचेपुढे कधीकाळी त्याचे आणि झानचे लग्न ठरले होते. त्याच दिवशी त्याला प्लेग गाठतो. डॉक्टर त्याचे हस्तलिखित उघडून पाहतात, तर पानांमागून पाने एकाच वाक्याची. ग्रां ते जाळून टाकायला सांगतो, आणि आश्चर्य म्हणजे सकाळी तो वाचतो. कादंबरीच्या शेवटी तो डॉक्टरांना सांगतो की आपण झानला पत्र लिहिले, आता बरे वाटते. आणि ते वाक्यही पुन्हा हाती घेतले आहे. त्यातली सारी विशेषणे काढून टाकली आहेत.

मला या गोष्टीत लेखनकलेचा सारा धडा दिसतो. घोड्यावरची स्त्री हा ग्रांचा सूर्योदय होता. त्याचे खरे पहिले वाक्य त्या कादंबरीचे नव्हतेच. ते झानला लिहायच्या पत्राचे होते. जोवर ते लिहिण्याचा धीर नव्हता तोवर विशेषणांची रास वाढत राहिली. पत्र गेले आणि विशेषणे आपसूक गळाली. काम्यू यांनी स्वतः १९४२ च्या ‘द स्ट्रेंजर’ या कादंबरीचा आरंभ आईच्या मृत्यूच्या वार्तेने केला आहे. तो इतका उघडावाघडा आहे, त्यात शोकाचा एकही शब्द नाही, की वाचणाऱ्याला त्या मुलाचा राग यावा आणि त्याच वेळी त्याच्याविषयी कुतूहलही वाटावे. विशेषणांचे मोल जाणणारा लेखकच असे विशेषणरहित वाक्य लिहू शकतो.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात युवक-युवतींसाठी कथालेखनाचे छोटेसे शिबिर भरले होते. त्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने दहा पानांची कथा आणली. वसईबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे सांगायला हवे. आमच्या वाड्यांमधून बावखले असत. बावखल म्हणजे वाडीतले तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड राखी. पूर्वी रहाटाने पाणी काढून त्यावर केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवला जाई. वस्ती वाढली, जमिनीला मोल आले आणि कित्येक बावखले मातीने भरून टाकण्यात आली. मुलीची कथा अशाच एका घराची होती. कर्ज डोक्यावर आल्याने बापाने घरामागची जमीन विकली होती आणि बावखल बुजवले गेले होते. पहिली तीन पाने सूर्य, माड, घंटा आणि पाखरांनी व्यापलेली. चौथ्या पानाच्या मध्यावर एका परिच्छेदाच्या पोटात हे वाक्य दडलेले होते:

“बावखल बुजले त्या दिवसापासून आमच्या घराचे मागचे दार कुणी उघडले नाही.”

मी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हटले, “बाळ, तुझी गोष्ट येथून सुरू होते.”

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “टीचर, ते वाक्य वर आले तर बाबा तेच पहिल्यांदा वाचतील.”

“आणि चौथ्या पानावर राहिले तर?”

“चौथ्या पानापर्यंत बाबा पोचणारच नाहीत.”

या उत्तराने मी निरुत्तर झाले. सूर्योदयाचा आडोसा कशासाठी असतो, हे याहून स्पष्ट शब्दांत मला कुणी सांगितले नव्हते. मी तिला आग्रह केला नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची की नाही, हा निर्णय जिचे घर तिचाच असायला हवा. बापाने हौसेने जमीन विकली नव्हती, हे तिच्या कथेतच लिहिलेले होते, आणि तिने त्याच्यावर कुठेही दोषारोप केला नव्हता. तिला एवढेच म्हटले की ही गोष्ट तू कुणासाठी लिहिलीस, याचा घरी जाऊन शांतपणे विचार कर.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पहिली तीन पाने नाहीशी झाली होती. ते वाक्य कथेच्या माथ्यावर होते. चर्चची घंटा मात्र तिने टाकली नव्हती. ती शेवटच्या पानावर, रिकाम्या झालेल्या वाडीवरून ऐकू येत होती आणि तेथे ती खरी वाटत होती. मी काही विचारण्याआधीच तिने सांगितले की छापायला देण्यापूर्वी कथा बाबांना वाचून दाखवावी असे तिने ठरवले. संध्याकाळी स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना, तिने ते पहिले वाक्य वाचले आणि पुढे वाचायचा धीर होईना, म्हणून थांबली. बाबा पुष्कळ वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “पुढे काय लिहिलेस?”

त्या घरात त्यानंतर काय बोलणे झाले, हे मी विचारले नाही. मात्र ‘पुढे काय’ या दोन शब्दांसाठीच तर जगातील सारे कथाकार झटत असतात, आणि ते दोन शब्द त्या मुलीला अशा वाचकाकडून मिळाले होते, ज्याच्यापासून ती ते वाक्य लपवीत होती.

आता त्या वाक्याकडे कारागिराच्या नजरेने थोडे पाहू. त्यात एकही विशेषण मनाचा भाव सांगणारे नाही. दुःख, अश्रू, उदास असे शब्द नाहीत. आहे ते बावखल, घर आणि दार. ‘मागचे’ हा शब्द मात्र फार मोलाचा आहे, कारण पाणी घराच्या मागे होते हे त्यावरून कळते आणि त्या दारातून दिवसभरात किती वेळा ये-जा होत असेल, हे न सांगता डोळ्यांपुढे येते. ‘आमच्या’ या शब्दाने सांगणारी व्यक्ती घरातलीच आहे, हे समजते. ‘कुणी’ या शब्दात सारे घर आले; बापही त्यातच आला. आणि शेवटी ‘नाही’. आपल्या मराठीची ही एक मोठी देणगी आहे. आपले क्रियापद आणि त्याचा नकार वाक्याच्या अखेरीस येतो. ‘दार कुणी उघडले’ येथपर्यंत ते दार उघडे होऊ शकते. शेवटच्या शब्दाबरोबर ते बंद होते. हीच माहिती शब्द मागेपुढे करून सांगितली तर अर्थ राहील, पण दार लागल्याचा तो आवाज येणार नाही. म्हणून पहिले वाक्य नेहमी मोठ्याने वाचून पाहावे. डोळ्यांना जे कळत नाही ते पुष्कळदा कानांना कळते.

हे सारे ध्यानात घेऊन, लिहू इच्छिणाऱ्या आपल्या घराघरांतील तरुण मंडळींना, आणि तरुणांनाच का, पन्नाशी-साठीनंतर आठवणी लिहायला बसलेल्या माझ्यासारख्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. पहिले वाक्य सुचेपर्यंत लेखणी अडवून धरू नये. ग्रांप्रमाणे एकाच ओळीत आयुष्य अडकून पडते. सूर्योदयाने आरंभ होत असेल तर होऊ द्यावा. मन मोकळे व्हायला त्याचाही उपयोग असतो. गोष्ट पुरी लिहावी. मग हाती पेन्सिल घेऊन, दुसऱ्याचे लिखाण वाचावे तशी ती वाचावी आणि जेथे आपला आवाज आपोआप खाली येतो, जेथून डोळे भरभर पुढे निघू पाहतात, तेथे रेघ ओढावी. बहुतेक वेळा पहिले वाक्य त्या जागी वाट पाहत असते. ते वर आणायचे की तेथेच ठेवायचे, हे मात्र प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे. प्रत्येक जखम लोकांपुढे उघडी केलीच पाहिजे असे नाही, आणि काही वाक्ये ग्रांच्या पत्रासारखी एकाच माणसाला वाचायला पाठवायची असतात.

आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे ‘आरंभ, मध्य आणि शेवट’ असे फळ्यावर लिहीत आलो, जणू या तीन वेगवेगळ्या खोल्या आहेत. वास्तविक चांगल्या कथेचा आरंभ हा तिच्या अगदी आतल्या खोलीत उघडणारा दरवाजा असतो. तो शोधायला भाषेचे ज्ञान लागते, वाचन लागते, पुन्हा पुन्हा खोडण्याची चिकाटी लागते. पण तो उघडण्यासाठी जे लागते ते माझ्या निरक्षर आजीपाशी होते आणि त्या महाविद्यालयीन मुलीने दोन आठवड्यांत मिळवले. अंकाच्या पुढच्या स्पर्धेसाठी कथा येतील, तेव्हा त्यांतही काही सूर्य उगवतीलच. मी त्यांचा राग धरणार नाही. तीन पाने धीराने उलटून मी चौथ्या पानावर जाईन आणि पेन्सिल हाती घेईन.